प्रिओरात: पाटीच्या दगडातून येणारी स्पॅनिश रेड वाइन आणि तिच्या जोडीचं जेवण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कातालोनियातल्या रेउस या गावी मी तीन वर्षं राहिले. तिथून प्रिओरातचे डोंगर तासाभराच्या अंतरावर. परत आल्यापासून मित्रमंडळी, नातेवाईक आणि त्यांचे ओळखीचे मला या वाइनबद्दल जे विचारतात, ते सगळं इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

प्रिओरात हे कंपनीचं नाव आहे की द्राक्षाचं?

दोन्ही नाही, ते एका भागाचं नाव आहे. स्पेनच्या ईशान्येला कातालोनिया, त्यात तारागोना प्रांत आणि त्या प्रांतात समुद्रापासून आत, मोन्सान नावाच्या उंच कड्याखाली हा डोंगराळ टापू आहे. ग्रातालोप्स, पोरेरा, पोबोलेदा, तोरोझा, बेल्मुन अशी इथली गावं अगदी लहान आहेत. सगळी मिळून द्राक्षाखालची जमीन साधारण २००० हेक्टर भरते.

स्पेनमध्ये वाइनच्या भागांना सरकारमान्य दर्जे असतात. त्यातला सर्वांत वरचा दर्जा आजवर फक्त दोन भागांना मिळाला: १९९१ मध्ये रिओहाला आणि त्यानंतर प्रिओरातला. कातालान सरकारने तो २००० मध्ये दिला, माद्रिदने त्यावर २००९ मध्ये शिक्कामोर्तब केलं.

हे नाव कुठून आलं?

मठातून. ११९४ मध्ये कार्थुसियन पंथाच्या साधूंनी मोन्सानच्या पायथ्याशी मठ वसवला. दंतकथा अशी की एका धनगराने राजाच्या माणसांना सांगितलं, या पाइनच्या झाडावरून शिडी लावून देवदूत वर चढताना मी पाहिले आहेत. म्हणून मठाचं नाव पडलं एस्कालादेई, म्हणजे देवाची शिडी. मठाचा प्रमुख तो प्रिओर, आणि त्याच्या अखत्यारीतला मुलूख तो प्रिओरात. साधूंनी इथे द्राक्षशेती वाढवली. १८३५ मध्ये स्पेनच्या सरकारने मठांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, साधू गेले आणि मठ लुटला, जाळला गेला. आज तिथे भग्न कमानी आणि काही पुन्हा उभे केलेले भाग पाहायला मिळतात.

ती एवढी जोरकस का लागते? कारखान्यात काही घालतात का?

जोर यावा म्हणून काही घालत नाहीत. तिचा जोर जमिनीतून येतो, आणि मला या वाइनबद्दल एकच गोष्ट सांगायला मिळाली तर मी हीच सांगेन.

आपल्या आजी-आजोबांनी शाळेत जी दगडी पाटी वापरली, तोच दगड डोळ्यासमोर आणा. प्रिओरातच्या उतारांवर माती अशी जवळजवळ नाहीच. आहेत त्या पाटीच्या दगडाच्या काळ्या-तपकिरी चिपा. उन्हात त्यातला अभ्रक चमकतो, चालताना पायाखाली खापऱ्यांसारखा आवाज येतो. तिथले लोक या दगडाला यिकोरेया म्हणतात. तो पाणी धरून ठेवत नाही. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सोलापूरकडचा हिशोब. उन्हाळा कडक. अशा ठिकाणी वेलीला जगायचं तर एकच मार्ग उरतो: दगडाच्या थरांमधल्या भेगा शोधत मुळं कित्येक मीटर खाली नेणं.

इतका खटाटोप करणारी वेल घडांनी लगडत नाही. नियमानुसार हेक्टरी ६००० किलोंपर्यंत लाल द्राक्षं काढता येतात, पण जुन्या बागांमध्ये प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही निघत नाहीत. काही वेलींवर जेमतेम एक किलो. दाणे लहान, साल जाड, आत रस कमी. रेड वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा सुगंध सालीतून येतो. रसाच्या मानाने साल जास्त म्हटल्यावर वाइन दाट होणारच. त्यात भरपूर ऊन, म्हणजे साखर जास्त, आणि साखरेचंच पुढे अल्कोहोल होतं.

मग ती जड आणि कंटाळवाणी का होत नाही? रात्री. डोंगरात दिवस कितीही तापला तरी रात्री हवा उतरते, दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो, त्याला ते गारबिनादा म्हणतात. या गारव्यामुळे द्राक्षातला आंबटपणा टिकतो. चांगल्या प्रिओरातमध्ये पहिल्या घोटात जोर जाणवतो आणि घोट गिळल्यावर तोंडात ताजेपणा राहतो. नुसता जोर असलेली बाटली मला अर्धवट वाटते, मग तिची किंमत काहीही असो.

द्राक्षं कोणती?

मुख्य दोन: गार्नाचा आणि कारिन्येना. गार्नाचा म्हणजे फ्रान्समध्ये ज्याला ग्रनाश म्हणतात तेच. तिच्यात पिकलेल्या लाल फळांचा गोडसर वास, अंग भरलेलं आणि अल्कोहोल वर. कारिन्येनाला इथे साम्सो असंही म्हणतात. ती उशिरा पिकते, रंगाने काळी, आंबट आणि तुरट. एकटी गार्नाचा कधी कधी सैल पडते, एकटी कारिन्येना खरखरीत लागू शकते. दोघी एकत्र आल्या की एकीची उणीव दुसरी भरून काढते. याशिवाय काबेर्ने सोव्हिन्यों, सिरा आणि मेर्लो ही फ्रेंच द्राक्षंही १९८० नंतर इथे बरीच लागली. अलीकडे उत्पादकांचा कल पुन्हा जुन्या दोघींकडे वळला आहे, आणि मला तो पटतो.

म्हणजे ही जुनी परंपरा आहे की हल्लीची फॅशन?

वेली जुन्या आहेत, कीर्ती नवी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड इथे पोचली आणि बागाच्या बागा वाळून गेल्या. लोक गावं सोडून शहरांकडे, गिरण्यांकडे गेले. उतारांवर हेझलनट, बदाम, ऑलिव्ह लागले, किंवा रान माजलं. नंतर अमेरिकन मुळांवर कलमं करून ज्या नव्या वेली लावल्या, त्यात भरवशाचं पीक देणारी म्हणून कारिन्येना पुष्कळ होती. त्यातल्याच काही आज शंभरीच्या आहेत. १९५४ मध्ये भागाला अधिकृत दर्जा मिळाला, तरी पुढची कित्येक वर्षं इथली वाइन बहुतेक पिंपांतून सुटी विकली जाई. दुसरीकडच्या पातळ वाइनला रंग आणि अंग यावं म्हणून व्यापारी ती त्यात मिसळत.

चित्र पालटलं ते १९८० च्या दशकात. १९७९ च्या सुमारास रने बार्बिए हा वाइन बनवणारा इथे आला. मग रिओहातल्या वाइन-घराण्यातला तरुण आल्वारो पालासिओस, डाफ्ने ग्लोरियन, कार्लेस पास्त्राना, जोसेप यूइस पेरेस असे आणखी काही जण त्याला मिळाले. पैसे थोडे, म्हणून ग्रातालोप्समध्ये एकाच तळघरात सगळ्यांची द्राक्षं एकत्र करून त्यांनी १९८९ ची वाइन बनवली आणि आपापल्या लेबलांखाली बाटल्यांत भरली. क्लोस मोगादोर, क्लोस एरास्मुस, क्लोस मार्तिनेत, क्लोस दे लोबाक ही आजची मोठी नावं तिथून निघाली. पालासिओसने १९९३ मध्ये जुन्या गार्नाचाच्या एका उभ्या उतारावरून लेर्मिता काढली, आणि स्पेनच्या सर्वांत महाग वाइनमध्ये तिची गणना होऊ लागली.

पोरेरा गावात कातालान गायक यूइस याकने उभा केलेला वाइन-कारखानाही पाहण्याजोगा आहे. आपल्या आईच्या गावासाठी त्याने ते केलं.

रिओहा आणि रिबेरा देल दुएरो यांच्यापेक्षा वेगळी कशी?

स्पेनच्याच त्या दोन्ही वाइनचा कणा टेम्प्रानियो हे द्राक्ष आहे. रिओहात लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवण्याची रीत जुनी, म्हणून तिच्यात व्हॅनिला, तंबाखू, सुकं चामडं असे वास येतात. रिबेरा उंच पठारावरची, तुरट आणि ताठ. प्रिओरातमध्ये फळ जास्त पिकलेलं असतं, आणि त्यामागून ओल्या दगडासारखा, पेन्सिलीच्या शिशासारखा एक वास येतो. दगडातलं खनिज मुळांवाटे जसंच्या तसं पेल्यात उतरतं असं समजू नका, शास्त्र ते मान्य करत नाही. पण वास येतो, हे चाखणारे सगळे सांगतात.

आणि आपल्या नाशिकची रेड?

तिची तुलना करू नये, कारण शेतीच वेगळी. नाशिकला पावसाळ्यानंतर छाटणी होते, जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी, आणि पाणी ठिबकने दिलं जातं. प्रिओरातमध्ये हिवाळाभर वेल झोपलेली असते, तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि जुन्या बागा निव्वळ पावसावर. उतार इतके उभे की काही ठिकाणी नांगरणी अजून खेचराने करतात. ट्रॅक्टर तिथे उलटेल.

बाटलीवर १५ टक्के लिहिलंय. व्हिस्कीसारखी चढेल का?

हिशोब करून पाहा. १५० मिलिलिटरच्या पेल्यात १५ टक्क्यांनी २२.५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा पेग घेतला तर त्यात सुमारे २५.७ मिलिलिटर. फरक फार नाही. म्हणून ‘वाइनच तर आहे’ म्हणून भराभर पेले रिकामे करू नयेत. बाटलीत असे पाच पेले निघतात. चार जणांनी जेवणासोबत दोन तास पुरवायची ही वाइन आहे. बाजूला पाण्याचा तांब्या ठेवा. आणि घरी जाताना गाडी दुसऱ्याने चालवावी, किंवा रिक्षा करावी.

लाल प्रिओरातला किमान १३.५ टक्के अल्कोहोल लागतंच, हा तिथला नियम आहे. बहुतेक बाटल्या १४.५ ते १५.५ च्या मध्ये असतात.

लेबलवर काय पाहायचं?

कातालान शब्द पाहून गोंधळू नका. खालून वर चढत जाणाऱ्या पायऱ्या आहेत. नुसतं प्रिओरात लिहिलेलं असेल तर द्राक्षं त्या भागातून कुठूनही आलेली. ‘वी दे विला’ म्हणजे एकाच गावची वाइन. ‘वी दे पारात्झे’ म्हणजे त्या गावातल्या एका विशिष्ट शिवाराची. त्याच्या वर ‘विन्या क्लासिफिकादा’, म्हणजे एकाच मान्यताप्राप्त बागेची. सर्वांत वर ‘ग्रान विन्या क्लासिफिकादा’, ज्यात लेर्मिता बसते आणि ज्यात फार थोड्यांना जागा आहे. आपल्याकडे देवगडचा हापूस म्हटल्यावर कुठल्या वाडीचा, कुणाच्या बागेतला असं विचारणारे असतात, तसंच हे.

पहिल्यांदा घेत असाल तर गावाची वाइन घ्या. तळच्या पायरीवर कधी कधी लाकडाचा वास जास्त, जमिनीचा कमी असं होतं. वरच्या पायऱ्यांची किंमत पहिल्या ओळखीसाठी द्यावी असं मला वाटत नाही.

किंमत परवडणारी नाही. जवळचा पर्याय?

मोन्सान याच नावाचा शेजारचा भाग. नकाशात पाहिलं तर तो प्रिओरातला हातातल्या कड्यासारखा वेढून बसला आहे. द्राक्षं तीच, जमीन मात्र बहुतेक चुनखडीची, चिकणमातीची, कुठे कुठे दगडाची. तिथे चांगली बाटली प्रिओरातच्या अर्ध्या किमतीत मिळते. भारतात आयातशुल्क आणि राज्याचे कर मिळून दोन्हींची किंमत फुगते. त्यामुळे कुणी युरोपातून येत असेल तर सामानात आणता येईल तेवढी आणायला सांगा.

कोणत्या तापमानाला प्यायची? रेड वाइन खोलीच्या तापमानाला पितात ना?

हा सल्ला युरोपातल्या जुन्या दगडी घरांचा आहे. तिथली खोली १७-१८ अंशांवर असायची. मे महिन्यातल्या पुण्यातली खोली ३५ वर. मी पहिल्यांदा इथे एक बाटली उघडली ती तशीच, कपाटातून काढून. नाकात नुसतं स्पिरिट गेलं, फळ कुठेच नव्हतं. पाहुण्यांना वाटलं वाइनच खराब निघाली. तीच बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा ओतली तेव्हा वेगळीच निघाली.

१६ ते १८ अंश हे योग्य तापमान. आपल्या उन्हाळ्यात त्यासाठी बाटली साधारण दीड तास फ्रीजमध्ये ठेवा. घाई असेल तर बर्फ आणि पाणी अर्धं अर्धं घातलेल्या बादलीत दहा-बारा मिनिटं. पेल्यात थोडी जास्त थंड वाटली तरी चालेल, पाच मिनिटांत ती वर येते. उलट जास्त गरम झालेली वाइन टेबलावर थंड होत नाही.

बाटली तरुण असेल, पाचेक वर्षांच्या आतली, तर तासभर आधी रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ओतून ठेवा. डिकँटर नसला तर स्वच्छ, वास नसलेला काचेचा जग चालतो. पेला मोठ्या पोटाचा घ्या आणि तिसरा हिस्साच भरा.

तिथले लोक तिच्याबरोबर काय खातात?

आता मुद्द्यावर आलो. रेड वाइनमधला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतो, म्हणून तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. समोर मांसाची प्रथिनं आणि चरबी असली की तो त्यांना चिकटतो आणि जिभेवर मऊ होतो. उलट बाजूने वाइनचा आंबटपणा चरबीचा थर धुऊन काढतो. म्हणून प्रिओरातसोबत चरबीचं, निखाऱ्यावर भाजलेलं किंवा मंद आचेवर तासन्‌तास शिजलेलं अन्न हवं. हलकं, पाणीदार, नाजूक अन्न तिच्यापुढे टिकत नाही.

कातालोनियात हिवाळ्यात काल्सोतादा होते. काल्सोत म्हणजे आपल्या पातीच्या कांद्याचा लांब, गोड भाऊ. द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काटक्यांवर ते बाहेरून कोळसा होईपर्यंत भाजतात, काळी साल हाताने ओढून काढतात आणि आतला पांढरा मऊ भाग सॉसमध्ये बुडवून, मान वर करून तोंडात सोडतात. वाल्स हे गाव त्यासाठी प्रसिद्ध. आपल्या हुरडा पार्टीत जशी शेकोटीभोवती माणसं जमतात आणि हात काळे होतात, तसंच. खरं सांगायचं तर काल्सोतासोबत जड प्रिओरातची गरज नसते, साधी तरुण वाइन पुरते. प्रिओरातची वेळ त्यानंतर येते. त्याच काटक्यांच्या निखाऱ्यावर कोकराच्या बरगड्या आणि बोतिफारा नावाचे डुकराच्या मांसाचे जाड सॉसेज भाजले जातात. मीठ, मिरपूड, लसूण, बस. वेलीच्या धुराचा वास मांसाला आणि त्याच मुलखाच्या द्राक्षाची वाइन पेल्यात. याहून चांगली जोडी मी कुठे खाल्ली नाही.

दुसरा प्रकार रश्शांचा. कातालान स्वयंपाकात पिकादा असते: भाजलेले बदाम किंवा हेझलनट, तळलेला पाव, लसूण, कधी पार्सली, सगळं खलबत्त्यात कुटून रस्सा उतरवण्याआधी घालायचं. हे त्यांचं वाटणच. शिकारीच्या मांसाच्या रश्शात त्यात कडू चॉकलेटचा तुकडाही पडतो. रेड वाइनमध्ये मुरवून शिजवलेलं रानडुक्कर, सशाचा रस्सा, मशरूमसोबत शिजवलेलं वासराचं मांस म्हणजे फ्रिकांदो, या सगळ्यांत वाटणाचा दाटपणा असतो आणि तो या वाइनच्या अंगाला शोभतो.

रोमेस्को सॉसबद्दलही विचारतात. सुकी, गोड, अजिबात तिखट नसलेली न्योरा मिरची, भाजलेला टोमॅटो, लसूण, हेझलनट-बदाम, ऑलिव्ह तेल, थोडं व्हिनेगर. रेउसचे हेझलनट आणि सिउरानाचं ऑलिव्ह तेल या दोन्हींना स्वतःचा मानांकित दर्जा आहे, आणि दोन्ही प्रिओरातच्या अंगणातच पिकतात.

मासे चालतील?

लाल प्रिओरातसोबत नको. रेड वाइनमधल्या लोहामुळे माशाच्या तेलाशी गाठ पडल्यावर तोंडात धातूसारखी, वशट चव उमटते. बांगडा, तारली अशा तेलकट माशांसोबत तर नक्कीच. मासळीचं जेवण असेल तर तिथलीच पांढरी प्रिओरात शोधा, गार्नाचा ब्लांकाची. ती कमी बनते पण बनते, आणि तिच्यातही तेच अंग असतं.

आम्ही शाकाहारी. आमच्यासाठी काही आहे का?

पुष्कळ आहे. पहिला पदार्थ एस्कालिवादा. वांगी, लाल ढोबळी मिरची, कांदा निखाऱ्यात सालीसकट भाजायचं, सोलून पट्ट्या करायच्या, वर ऑलिव्ह तेल आणि मीठ. खानदेशातल्या भरताचं हे सख्खं भावंड. भरतही चालेल, फक्त हिरव्या मिरच्या दोनावर आणा आणि शेंगदाणे, लसूण तसेच राहू द्या. काटक्यांवर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास या वाइनला जितका जमतो तितकं फार थोड्या भाज्यांना जमतं.

त्यानंतर मशरूम, तुपात किंवा ऑलिव्ह तेलात खरपूस परतलेले. मग राजमा किंवा काबुली चणे वाटण लावून दाट शिजवलेले. पनीर मला फारसं पटत नाही. त्यात खारटपणा आणि मुरलेपण नसतं, वाइन त्याला झाकून टाकते.

एक गोष्ट मात्र कडक शाकाहारींनी लक्षात ठेवावी. वाइन नितळ करण्यासाठी काही उत्पादक अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा जिलेटिन वापरतात. ते नंतर गाळून काढतात, पण वापर झालेला असतो. हल्ली बरेच जण न गाळता वाइन भरतात किंवा लेबलवर व्हीगन असं लिहितात. ते पाहून घ्या.

तांबड्या रश्श्यासोबत कशी लागेल?

वाईट. हे ऐकून कोल्हापूरकर रागावतात, तरी सांगते. मिरचीची जळजळ तोंडातल्या ज्या संवेदकांना कळते, त्यांनाच अल्कोहोल आणखी हळवं करतं. १५ टक्क्यांची वाइन तिखट रश्श्यावर ओतली की रस्सा दुप्पट जाळतो आणि वाइनचं फळ मरून नुसता कडवट तुरटपणा उरतो. दोघांचंही नुकसान.

मटणच करायचं तर सुकं करा. भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, काळा मसाला, आणि मिरची अगदी बेतात. काळ्या मसाल्यातलं दगडफूल, लवंग, दालचिनी, करपवलेलं खोबरं यांचा गडद वास कारिन्येनाच्या वासाशी जुळतो, हे मी घरी अनेकदा करून पाहिलं आहे. सोबत ज्वारीची भाकरी. चिंच, कोकम आणि गूळ टाळा. आंबटाने वाइन बेचव होते, गुळाने ती आंबट आणि पातळ वाटू लागते. म्हणून आपली आमटी या ताटात नको. लिंबू पिळलेली कोशिंबीरही वाइनच्या घोटालगत खाऊ नये.

तंदुरी किंवा कबाब मागवत असाल तर लाल मसाल्याचे सोडून मिरी-लसूण लावलेले निवडा. कोकराच्या चॉप्स सगळ्यांत उत्तम.

चीज आणि गोड?

मुरलेलं मेंढीच्या दुधाचं चीज, मांचेगोसारखं. मऊ, ओलं चीज नको. गोडात ७० टक्क्यांच्या पुढचं कडू चॉकलेट आणि मूठभर भाजलेले हेझलनट. गुलाबजाम, श्रीखंड, पुरणपोळी यांच्याशेजारी ती बेचव होते. गोड वाढण्याआधी पेले संपवा.

किती वर्षं ठेवता येते?

गावाची वाइन आठ-दहा वर्षं, मोठ्या बागांची वीस वर्षं सहज. पण ही आकडेवारी १२ ते १५ अंशांच्या अंधाऱ्या तळघराची. मुंबईच्या फ्लॅटमधल्या कपाटात एका उन्हाळ्यात वाइन शिजते. वाइन-फ्रीज नसेल तर साध्या फ्रीजच्या तळाला आडवी ठेवा आणि वर्षभरात उघडा.

अर्धी उरली तर?

बूच लावून फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी ती बहुतेक वेळा आदल्या रात्रीपेक्षा मोकळी आणि गोल लागते, तिसऱ्या दिवशीही ठीक. गार्नाचा हवेने लवकर उतरते, त्यामुळे चौथ्या दिवसानंतर ती मटणात घाला. कांदा परतल्यावर कपभर ओतून निम्मी आटू द्या.

तिकडे जायचं आहे. कसं जावं?

बार्सेलोनाहून रेउसमार्गे मार्सा-फालसेत स्टेशनला थेट रेल्वे जाते. फालसेत हे त्या तालुक्याचं मुख्य गाव. तिथली सहकारी वाइन-इमारत जरूर पाहा. बार्सेलोनाचा प्रसिद्ध वास्तुकार गाउदी याच्या प्रभावळीतला सेसार मार्तिनेल याने ती १९१९ मध्ये बांधली. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेसाठी कुणी एवढी देखणी कमानदार इमारत बांधावी, हे सहकारी कारखान्यांच्या मुलखातून गेलेल्या माणसाला विशेष भिडतं. मे महिन्याच्या सुरुवातीला फालसेतमध्ये वाइनची जत्रा भरते, तेव्हा बहुतेक उत्पादक एकाच ठिकाणी भेटतात.

फालसेतहून पुढे गावागावांत बस फार कमी आहेत, म्हणून गाडी भाड्याने घ्या. चाखणी करणार असाल तर न पिणारा चालक सोबत हवा, कारण रस्ते घाटाचे आणि अरुंद आहेत. चाखताना घोट थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात कुणी गैर मानत नाही. लहान तळघरांना आधी कळवून जा. तिथे बहुधा घरचाच माणूस भेटतो, आणि तोडणीच्या दिवसांत त्याला बोलायलाही सवड नसते. बेल्मुनला शिशाची जुनी खाण आता संग्रहालय म्हणून उघडी आहे. एस्कालादेईचे अवशेष पाहायला दोन तास ठेवा. संध्याकाळी ग्रातालोप्सच्या वर टेकडीवर जा. उन्हं कलली की यिकोरेयाच्या चिपा उतारभर चमकू लागतात, आणि खाली वेलींच्या ओळींमधून कुणीतरी अजून खेचर घेऊन घरी परतताना दिसू शकतं.